वारा शून्य

४ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! सामान वर आणताना हमालाने दोनदा विचारलं, या पेटीत दगड भरलेत का. मी म्हटलं, नाही रे बाबा, एकतीस वर्षांच्या रोजनिश्या आहेत, दगड परवडले. तो हसला नाही. मग त्याच्या वाटचं मीच हसून घेतलं.

घर म्हणजे होड्या दुरुस्त करायच्या एका बंद शेडवरच्या दोन खोल्या. जिना बाहेरून, लोखंडी, पंधरा पायऱ्यांचा. माझ्या गुडघ्यांनी एकेकीची दखल घेतली. पुढे लांबलचक गॅलरी. खाली रस्ता, रस्ता ओलांडला की वाळू, आणि मग नुसता समुद्र. स्वयंपाकघराची खिडकी अडकते, ती साबण लावून सरळ केली. आधीच्या बाई लेकाकडे राहायला गेल्या, जाताना पलंग आणि एक जाड बुडाचा तवा ठेवून गेल्या. देव त्यांचं भलं करो, असा तवा हल्ली मिळत नाही.

गॅलरीच्या कोपऱ्यात झडपांची पांढरी लाकडी पेटी आहे. तिच्यात हवेचा दाब मोजायचं यंत्र आणि तापमापक. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा बाण. हे घर मिळायची अटच ती होती. घरमालक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, गावातल्या हौशी हवामानवाल्यांचे म्होरके. त्यांनी आधीच बजावलं की सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच, तिन्ही वेळा आकडे वाचून त्यांना फोन करायचा, एकदाही खाडा नको. मी म्हटलं, जन्मभर लोकांचे ताप वाचले, आता आभाळाचा वाचीन. म्हातारा खूश झाला.

लेकीला हे खूळ पटलेलं नाही. या वयात एकटी समुद्रावर कशाला, म्हणते. पण तिनेच रविवारी, १७ तारखेला, ठकीला माझ्याकडे महिनाभर सोडायचं कबूल केलंय. नोकरीच्या प्रशिक्षणासाठी तिला लांब जायचंय. ठकी म्हणजे माझी नात, सहा वर्षांची, अखंड बडबड. लेकीने पहिल्यांदाच तिला माझ्या हवाली करायचं ठरवलंय आणि त्याचं मोल मला ठाऊक आहे. ती स्वतः सहा वर्षांची होती तेव्हा मी कायम वॉर्डात. तापाने फणफणली होती तरी मी ड्यूटीवर, दुसऱ्यांचे तक्ते भरत. ती ते बोलून दाखवत नाही, म्हणून जास्त लागतं. लेकीच्या वेळी वॉर्ड होता, नातीच्या वेळी मी आहे. आतल्या खोलीत तिचा पलंग खिडकीशी लावलाय.

पाचचं पहिलं वाचन दिलं. दाब १०१०. वारा मंद, नैऋत्येचा.

६ तारीख, बुधवार

आज मंडळींची ओळख झाली. दर बुधवारी पोस्टमास्तरांकडे बैठक असते. माझ्याखेरीज तिघं. पोस्टमास्तर स्वतः, उत्तरेच्या टोकाला राहतात. शिंपीणबाईंचं दुकान बाजारात, पूर्वेला. तोंडात टाचण्या धरूनच बोलतात आणि तरी सगळं कळतं. दक्षिणेला घड्याळजी, बोलणं इतकं कमी की शब्दांनाही चावी द्यावी लागते. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली आहे. पश्चिमेचा, म्हणजे समुद्रावरचा आकडा फेरीबोटीचा कप्तान जमेल तेव्हा फोनवर देतो. माझं घर सगळ्यांच्या मधोमध.

जेवणाच्या टेबलाएवढा नकाशा. त्यावर आमचे आकडे मांडायचे आणि सारख्या दाबाच्या जागा निळ्या पेन्सिलीच्या रेघेने जोडायच्या. बहुतेक वेळा रेघ नकाशाबाहेर निघून जाते. पण वाकत वाकत ती स्वतःलाच येऊन मिळाली, वर्तुळ पुरं झालं, की समजायचं आत वादळ धरलंय. पोस्टमास्तरांनी हे इतक्या मायेने समजावलं, की जसं काही नातवाचं बारसं ठरतंय.

मंडळाचा एक नियम मात्र कडक आहे. रेघ पुरी झाल्याशिवाय बाहेर एक अवाक्षर काढायचं नाही. आठ वर्षांपूर्वी पोस्टमास्तरांनी रेघ अर्धी असताना धोक्याचा भोंगा वाजवायला लावला होता. अख्खं गाव टेकडीवरच्या शाळेत दोन दिवस जाऊन बसलं आणि दोन्ही दिवस लख्ख ऊन. अजूनही पोरं त्यांच्या मागून ओरडतात, वादळ आलं, पळा पळा! शिंपीणबाईंनी हे जिन्यात कुजबुजत सांगितलं. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

माझ्या अक्षराचं कौतुक झालं. मला सगळे सिस्टर म्हणतात. जित्याची खोड, पहिल्याच बैठकीत मी त्यांच्या वहीला रकाने पाडून दिले.

९ तारीख, शनिवार

रेडिओवर सांगितलं की समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होण्याची शक्यता आहे. पोस्टमास्तरांचा पाऊण तास फोन. आवाज असा की वीस वर्षांनी तरुण झालेले. आपला आकडा तीन दिवसांत पाचने उतरलाय, १००५. कप्तानाचा १००८. म्हणजे समुद्रापेक्षा गावात दाब कमी, हे म्हणे व्हायला नको. घड्याळजी बोलले (आज पूर्ण वाक्य!) की यंत्रं चार वेगवेगळ्या कारखान्यांची आहेत, चारही एकदम खोटं बोलणार नाहीत.

वारा पडलाय. बाण तीन दिवस एकाच दिशेला तोंड करून रुसलाय. आभाळ धुतल्यासारखं.

ठकीचा फोन. समुद्रात मासे किती आहेत ते मोजून ठेव म्हणाली. मोजते म्हटलं. तिच्यासाठी शिंपीणबाईंकडे पडदे टाकलेत, पिवळे, बदकांचे.

११ तारीख, सोमवार

सरकारी हवामानवाल्यांनी आज हात झटकले. क्षेत्र विरलं, धोका नाही. इकडे आठ वाजता १०००, पाचला ९९७. पोस्टमास्तर म्हणाले, विरलं नाही, ते इथे आलंय आणि आपल्याखेरीज कुणाला पत्ता नाही. मला शहारा आला, पण आनंदाचा. खोटं कशाला लिहू.

सकाळी एक विचित्र झालं. चहा गाळत होते, कसला तरी वास आला. इकडे तिकडे बघते तर डावा हात तापलेल्या तव्यावर टेकलेला. सबंध तळवा. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. आता फोड आलाय, बशीएवढा. मलमपट्टी केली. साखर वाढली असणार, दुसरं काय. दुसऱ्यांना पथ्यं सांगणारीने स्वतःचं रक्त दोन वर्षांत तपासलेलं नाही. दिव्याखाली अंधार.

१२ तारीख, मंगळवार

साखरेचं वाटत नाही. साखरेने एवढ्यात असं होत नाही, झालं तर पायांपासून होतं. मी रीतसर तपासलं. डोळे मिटून, टाचणी घेऊन, दोन्ही हात, दोन्ही पाय, गाल, एकूण चाळीस जागा. आठ वाजता एकोणीस ठिकाणी कळलं. बाराला चौदा. पाचला नऊ. बाजूला दाबाचा आकडा लिहिला आणि दोनदा ताडून बघितला. दोन्ही रकाने एकाच पायरीने उतरतायत.

पोस्टमास्तरांना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी शांतपणे स्वतःचा हात टोचून बघितला आणि म्हणाले, सिस्टर, वहीत हा रकाना घालून घ्या.

घातला.

आज भीती वाटली होती. वाटली होती असं लिहितेय, कारण दुपारी वाटत होती ते आठवतंय.

१३ तारीख, बुधवार

बाराचं वाचन देऊन पडदे आणायला बाजारात गेले. रस्त्यात एक मुलगा सायकलवरून आपटला, गुडघा हाडापर्यंत फुटलेला. तो उठला, सायकल उचलली आणि गेला. त्याची आई दारात उभी होती. तिने आत जाऊन झाडू आणला आणि पायरी झाडून काढली.

दुकानात शिंपीणबाई मशीनवर बसलेल्या, उजव्या हातात फोन, बाराचं वाचन उशिराने देत होत्या. डावं बोट सुईखाली. सुई नखातून आरपार. एकदा नाही, चार टाके. पडद्याची दुमड आणि बोट एकत्र शिवलं गेलेलं. दोन गिऱ्हाईकं समोर उभी, आपल्या पाळीची वाट बघत. मी आधी त्यांना वाचन पुरं करू दिलं. मी! एकतीस वर्षांची सिस्टर! मग कात्रीने दोरा कापला, सुई काढली, बोट बांधलं. त्यांनी विचारलं की पडद्याची लांबी बरोबर झाली का. बरोबर झालीये.

पाचला ९९१. कळलं ते फक्त सहा ठिकाणी.

१४ तारीख, गुरुवार

घड्याळजींनी पोस्टमास्तरांना आठचं वाचन दिलं, ९८८, वारा शून्य. फोन ठेवता ठेवता म्हणाले, आणि हो, बायको पहाटे गेली. पोस्टमास्तरांनी दोन्ही गोष्टी मला एकाच सुरात सांगितल्या. वहीत दोन्ही नोंदवल्यात.

मी भेटायला गेले. ते दुकानात घड्याळ उघडून बसलेले. आतल्या खोलीत ती झाकलेली. सतरा वर्षं त्यांनी तिला भरवलं होतं. मी खांद्यावर हात ठेवला. माझा हात, त्यांचा खांदा, दोन्हीकडे काही पोचलं नाही. मी उठून आले.

तिथून थेट पोस्टमास्तरांकडे. म्हटलं, पुरे झालं, लेकीला येऊ नको म्हणून कळवते, आणि तुम्ही भोंग्याचं बघा. हे माझ्यासारखीलाच होतंय तर सहा वर्षांच्या पोरीचं काय होईल? ते म्हणाले, दोन दिवस, फक्त दोन दिवस थांबा. तीन बाजूंनी रेघ वळलीये. कप्तानाचे आकडे अजून जुळत नाहीत, ते जुळले की रेघ पुरी होईल, मग ते स्वतः फोन करतील, सरकारला, भोंग्यावाल्याला, सगळ्यांना. अर्ध्या रेघेवर पुन्हा तोंड उघडलं तर या वेळी खरं असूनही कुणी ऐकणार नाही. नियम तोडू नका. त्यांनी हात जोडले.

मी मान डोलावली. नियमासाठी नाही. खरं लिहायचं तर, सगळ्यांत कमी आकडा माझ्या गॅलरीतला आहे. केंद्र माझ्याकडे आहे. मला रेघ पुरी झालेली बघायची होती.

१५ तारीख, शुक्रवार

आठ वाजता ९८५.

बारा वाजता ९९४. वाढला! एकाएकी! आणि त्याबरोबर हात. आई गं! हात निखाऱ्यात घातल्यासारखा. मी ओरडले, खाली बसले, ढसाढसा रडले. हातासाठी, मग शिंपीणबाईंच्या बोटासाठी, मग त्या बाईसाठी जिचं तोंडही मी नीट बघितलं नाही. हे जाऊन पाच वर्षं झाली, यांच्यासाठीही रडून घेतलं. चार दिवसांचं साचलेलं सगळं एकदम अंगावर आलं. आणि भीती! ठकी परवा येतेय इथे!

लेकीचा फोन बंद, प्रशिक्षणाची कसली तरी बैठक. मग मेसेज केला. ठकीला आणू नकोस. इथे काहीतरी भयंकर आहे. मीही निघते. गेला मेसेज. दोनदा बघितलं, गेलाय. बॅग भरली. साडेपाचची गाडी आहे.

नंतर —

पाच वाजता ९७९. वाचन द्यायचं होतं म्हणून थांबले. गाडी गेली.

सहाला लेकीचा फोन. घाबरलेली. काय भयंकर आहे म्हणून विचारत होती. मी आठवून बघितलं. मग बाहेर बघितलं आणि जे दिसलं ते सांगितलं. वारा शून्य, आकाश निरभ्र, समुद्र सपाट. ती चिडली. म्हणाली की आई, तुला ठकी नको असेल तर सरळ सांग, मला वाटलंच होतं, माझ्या वेळेसारखं ऐन वेळी काहीतरी निघणार. हे मला लागायला हवं होतं. म्हटलं, तसं काही नाही गं, या. ती जरा निवळली. म्हणाली की तुझा आवाज किती शांत झालाय, हवा मानवली तुला.

बॅगेतले कपडे परत कपाटात लावले.

१६ तारीख, शनिवार

आठ, ९७४. टाचणी, चाळीसपैकी एक. गाल.

समुद्र मागे सरलाय. शंभर पावलं तरी.

दुपारी पोस्टमास्तरांकडे चौघं. कप्तानाचा आकडा आला आणि पोस्टमास्तरांनी निळी पेन्सिल टेकवली. रेघ माझ्या घराभोवती फिरली आणि स्वतःला मिळाली. सुबक वर्तुळ. आठ वर्षं ज्याची वाट बघितली ते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. फोन टेबलावर होता, शेजारी कागदावर नंबर लिहिलेले, भोंग्यावाल्याचाही. सगळ्यांनी फोनकडे बघितलं.

शिंपीणबाईंनी चहा आणला, उकळता. चौघांनी एका घोटात प्यायला. घड्याळजींच्या ओठाचं कातडं कपाला चिकटून आलं.

पोस्टमास्तर म्हणाले, झालं मग. आम्ही उठलो.

फोन करायला हवा होता. मला ते ठाऊक होतं. आत्ताही ठाऊक आहे. लेकीला अजून एक फोन, बस, एवढंच. फोन हाताशी आहे. ठाऊक असण्याने हात उचलत नाही, हे मला एवढ्या वर्षांत कधी कळलं नव्हतं.

१७ तारीख, रविवार

आठ, ९६६. वारा शून्य.

दहाला आल्या. ठकी जिन्यावरूनच बडबडत. मला मिठी मारली. मी केसांवरून हात फिरवला, तसं करतात म्हणून. तिने माझा हात बघितला आणि रडायला लागली. आजी, तुझा हात सडलाय, म्हणाली. पट्टी बदलायची राहिलीये तीन दिवस.

लेकीने हात बघितला. काही बोलणार होती. मग गॅलरीत जाऊन उभी राहिली थोडा वेळ. परत आली तेव्हा कशाबद्दल बोलायचं होतं ते गेलं होतं. एरवी ठकीला कुठेही सोडताना माझी लेक तीन तीनदा मागे वळते, पापे घेते, पुन्हा परत येते. आज सरळ उतरून गेली. ठकी कठड्याला धरून हाका मारत होती. तिने मागे बघितलं नाही.

बारा, ९६३. ठकीचा नवा रकाना केला.
टाचणी — ओरडली. माझ्यापासून लांब पळाली. पलंगाखाली जाऊन बसली.

पाच, ९६०. टाचणी — हात मागे घेतला.

मी तिच्यासाठी आलेय इथे. हे वहीत लिहून ठेवते. मी तिच्यासाठी —

१८ तारीख, सोमवार

आठ, ९५७. ठकी रात्री रडली नाही. आई कुठे विचारलं नाही. टाचणी — बघत राहिली.

शिंपीणबाईंचं वाचन नाही. घड्याळजींचं नाही. पोस्टमास्तर फोन उचलतात, ऐकतात, ठेवतात.

ठकी सकाळपासून खुर्चीत. समोर दूध. साय धरली, गार झालं. पी म्हटलं नाही. माझंही जेवण झालं नाही बहुतेक.

बारा, ९५५. ठकी बोलली, एकदाच. आजी, मला काहीच होत नाहीये. मी ते लिहून घेतलं.

ती वाक्य बोलून माझ्याकडे बघत होती. काहीतरी हवं होतं तिला. मला वाटतं तेव्हा —
नाही. गेलं.

पाच, ९५३. समुद्र दिसत नाही. नुसती वाळू, पार पुढपर्यंत. ओली.

१९ तारीख, मंगळवार

आठ, ९५०. वारा शून्य. आकाश निरभ्र. टाचणी, मी — नाही. ठकी — नाही.

अकरा. ठकी विचारत होती, खाली जाऊ का. मी बोटाने थांब म्हटलं, आकडे उतरवत होते. मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी.

बारा, ९४८. ठकी वाळूवर. लाल फ्रॉक. सरळ चालतेय, जिथे पाणी असायचं त्याच्याही पुढे. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर.
हाक मारली नाही.

सव्वाबारा, ९४८. आता ऐकू जाणार नाही.

साडेबारा, ९४८. लाल ठिपका. चालतोय.

पाऊण. ९५३ —

९५८. वाढतोय. बाण वळला. वारा, समुद्राकडून. कागद उडतायत —

९६६. हात — आई गं — हात, पोट, सगळं — पाणी, कोणी पाणी — 

लांब पांढरी रेघ. आभाळाच्या कडेशी. या टोकापासून त्या टोकापर्यंत. हलतेय. इकडे —

ठकी. माझी ठकी. किती लांब — तिलाही आता सगळं कळत असेल, तिलाही, एकटीला, तिथे — अरे देवा, मी तिला टोचत होते, मी —

९७५ — 

आकडा कशाला लिहितेय. अगं मेले, पोरगी तिकडे आणि तू अजून लिहीत बसलीयेस, ऊठ, ऊठ ना, ऊ